अवांतर म्हणजे नेमकं काय? : पार्श्वभूमी

‘गटात फक्त कामाचं बोला’ हा नियम आज शिष्टाचार म्हणून सांगितला जातो. सुरुवातीला मात्र तो पैशाचा प्रश्न होता. १९७० च्या दशकातलं संगणकजाळं संशोधनासाठी, सरकारी खर्चाने चालायचं. त्यावर १९७५ मध्ये ईमेलविषयीच चर्चा करणारी एक यादी निघाली, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणारा गट. ती कामाचीच म्हणता आली. दशक संपता संपता विज्ञानकथांच्या शौकिनांची यादी निघाली, तिला कामाची म्हणणं अवघड होतं, पण लोक तिथे आवडीने लिहीत. मे १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना जाहिरात धाडली, तेव्हाची ओरडही ‘हे जाळं यासाठी नाही’ अशीच होती.

पुढच्या दशकात बातमीगटांचा, म्हणजे संगणकांवरून फिरणाऱ्या विषयवार जाहीर चर्चांचा, पसारा इतका वाढला की १९८६-८७ मध्ये त्यांची सरसकट नावं बदलावी लागली. संगणक, विज्ञान, समाज, करमणूक वगैरे सात शाखा ठरल्या आणि त्यांतली एक शाखा चक्क वादावादीसाठी ठेवली. हेतू वर्गीकरणाचा होता, पण त्याला बिलाचीही किनार होती. समुद्रापलीकडे ज्यांना हा मजकूर पदरमोड करून उतरवून घ्यावा लागे, त्यांना भांडणांची शाखा वगळायची सोय हवी होती. या मांडणीत ज्यांच्या विषयांना जागा मिळाली नाही, त्यांनी १९८७ मध्ये आपली समांतर शाखा उघडली.

नियमावल्या नंतर पुष्कळ झाल्या. तरी माझ्या मते विषयांतरावर सगळ्यात जास्त परिणाम केला तो ‘रिप्लाय’च्या बटणाने, आणि त्यावरून झालेलं भांडण आजही पुरतं मिटलेलं नाही.

यादीवर आलेल्या मेलला उत्तर दिलं, तर ते कुणाला जावं? लिहिणाऱ्याला, की सगळ्यांना? मेलची रचना ठरवणाऱ्या १९८२ च्या प्रमाणकात, उत्तर कुठल्या पत्त्यावर जावं ते सांगणारी ‘रिप्लाय-टू’ नावाची ओळ होती आणि चर्चागटांनी तिच्यात गटाचाच पत्ता घालावा, अशी सूचनाही होती. अनेक याद्यांनी ती उचलली. यादीचा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक मेलवर स्वतःचा पत्ता चिकटवू लागला. याच्या बाजूचे म्हणत, चर्चागट आहे तर उत्तर सगळ्यांना दिसायलाच हवं. विरोधकांचं म्हणणं, मेल लेखकाचा आहे, त्याने दिलेला पत्ता पुसायचा यादीला काय अधिकार? शिवाय चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. सगळ्यांसाठीचं उत्तर एकट्याला गेलं तर ते पुन्हा पाठवता येतं. एकट्यासाठीचं सगळ्यांना गेलं तर परत घेता येत नाही. ‘परवा साहेबांबद्दल बोललास ते खरं निघालं’ असा मेल शेकडो जणांच्या पेटीत पडल्यावर पुढचे दोन दिवस त्या यादीवर मूळ विषय कसला निघतो! त्यात कुणी रजेवर जाताना स्वयंचलित उत्तर लावून गेला असेल तर यादी त्या उत्तराला आणि ते उत्तर यादीला जबाब देत बसे. २००१ च्या सुधारित प्रमाणकाने ‘रिप्लाय-टू’ म्हणजे लेखकाने सुचवलेला पत्ता, एवढाच अर्थ ठेवला. कागदावर विरोधक जिंकले; याद्या चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली सेटिंगं तशीच ठेवली.

विषय राखण्याच्या दृष्टीने यातली सर्वांत हुशार तोड संगणक-व्यवस्थापकांच्या एका जुन्या यादीने काढली होती. तिथे ‘टेपवरून बॅकअप परत येत नाही, काय करू?’ असं विचारलं की उत्तरं विचारणाऱ्याला खाजगीत जायची. ती चाळून, चालली कुठली ते पाहून, त्याने एकच मेल यादीवर टाकायचा, शीर्षकात सुरुवातीलाच ‘समरी’ असं लिहून. ‘मलाही हाच त्रास आहे’, ‘धन्यवाद’, ‘तुमच्याशी सहमत नाही’ हे सगळं परस्पर गळून जायचं. अडचण एकच, आणि ती मानवी: काम झालं की माणूस समरी लिहायला विसरतो.

अवांतराला शीर्षकात ‘ओटी’ (ऑफ-टॉपिक, विषयाबाहेरचं) अशी खूण लावायची पद्धतही याच काळातली. ज्याला नको त्याने फिल्टर लावावा. मराठीत आपण ‘अवांतर:’ असं लिहून पुढे हवं ते लिहितो तोच प्रकार, परवानगी स्वतःच स्वतःला द्यायची. १९९५ च्या शिष्टाचार-मार्गदर्शिकेने ‘भरकटू नका’ असं बजावलं आणि त्याच मजकुरात, आपलं उत्तर एका व्यक्तीला जातंय की गटाला ते तपासा, असंही सांगितलं. पहिली सूचना सगळ्यांना आठवते. दुसरी जास्त उपयोगाची होती.

२००८ मध्ये प्रोग्रामरांसाठी निघालेल्या एका प्रश्नोत्तर-स्थळाने गप्पांची वाटच बंद केली. प्रश्न, उत्तर, मतदान. बसत नसेल तर प्रश्न बंद. विषय टिकला, पण ‘माझा प्रश्न का बंद केला?’ हाच एक वेगळा विषय होऊन बसला. बंद करण्याच्या कारणांची नावं २०१३ मध्ये बदलली गेली, तक्रार मात्र तीच राहिली.

मोबाइलवरच्या गप्पागटांत तर शीर्षकाची ओळच नाही. विषय लिहिलेलाच नसेल तर त्याला सोडून बोललं हे ठरवायचं कशावरून? २०१८ मध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं अशी सोय आली. तिने विषयांतर थांबलं, चर्चाही थांबली आणि गट सूचनाफलक झाला. त्याआधीच, २०१३-१४ मध्ये, कार्यालयांसाठी आलेल्या एका गप्पासाधनाने नव्या गटाला दोन खोल्या तयारच दिल्या होत्या, एक ‘जनरल’ आणि दुसरी ‘रँडम’. अडलेला माणूस पुष्कळदा कामाचा प्रश्न ‘रँडम’मध्येच विचारतो, कारण ज्यांना उत्तर येतं ते तिथेच बसलेले असतात.