कणकण म्हणजे किती?

"सिस्टर, पोराच्या अंगात रात्रीपासनं कणकण हाय." ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, केमोथेरपी घेऊन अक्कलकोटला किंवा मंगळवेढ्याला घरी गेलेल्या रुग्णाच्या आईचा सोलापूरच्या वॉर्डात असा फोन आला, की सिस्टरचा पहिला प्रश्न थर्मामीटरचा असायला हवा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. कपाळाला हात लावून तापाचा अंदाज तेव्हा तर अजिबातच करू नये.

निदानाच्या वेळीच या घराशी बोलणं सुरू झालेलं असतं. रक्ताच्या काचपट्टीवर अपक्व पेशी दिसल्या, की अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, तपासावी लागते. ती बहुधा कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने काढतात. "मणक्यातलं पाणी काढणार, पोरगं लुळं पडंल" ही भीती मात्र घराघरांत असते. मणक्याची तपासणी वेगळी, ही वेगळी, हे हाडावर बोट ठेवून सांगितलं की आईचा जीव थोडा खाली बसतो. पुढे फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखणाऱ्या तपासणीने त्यांचा प्रकार कळतो आणि औषधं ठरतात.

ही औषधं कर्करोगाच्या पेशींबरोबर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही मारतात. एरवी एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड हजारांहून जास्त असतात. केमोनंतर 500च्याही खाली जातात. आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेले न्यूट्रोफिल. तेच नसले तर जखमेत पू होत नाही, सूज फारशी येत नाही, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. जंतू रक्तात पसरत असतात आणि बाहेरून दिसणारी खूण बहुतेक वेळा एकच उरते: ताप. घरातल्या पॅरासिटॅमॉलने ती एकुलती खूणही पुसली जाते. म्हणून आधी मोजायचं, मग फोन, आणि गोळीचं हॉस्पिटल सांगेल तसं.

एकदा 101 अंश फॅरनहाइट, किंवा तासभर 100.4 टिकला, तर ती आणीबाणी. रुग्ण पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणते जंतू वाढतात ते बघायला, रक्त आधी घ्यायचं, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही. त्याला दिवस लागतात.

गावातल्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन कमरेत द्यायची पद्धत आहे. केमोनंतर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी असताना त्या सुईने स्नायूत रक्त साकळतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने "कमरेत सुई नको" असं मराठीत लिहून द्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

याच जिल्ह्यात, बार्शीला, 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी लक्षणांबद्दल बोलत आले. घरी जाणाऱ्या रुग्णाशीही तसंच बोलावं लागतं: थर्मामीटर आईच्या हातात देऊन, तिच्याकडून एकदा वाचून घेऊन. आणि रात्री अकराला आकडा 101 दिसला, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, हेही त्याच वेळी.