अननसाच्या रोगापासून सोनेरी तांदळापर्यंत: ‘सीआरटी-आय’ची पार्श्वभूमी

फिलिपिन्समध्ये अननस सडवणाऱ्या एका जीवाणूची नोंद १९२८ साली झाली. पुढे गव्हाच्या तांबेऱ्यावर वाढणारा एक पिवळा जीवाणू सापडला. तांबेरा खाणारा म्हणून त्याला ‘युरेडोव्होरा’ नाव पडलं. हे दोन्ही एकाच जातीचे आहेत, असं १९९३ मध्ये ठरलं आणि पुढे पँटोइया अनानॅटिस हे नाव कायम झालं.

त्याचा पिवळेपणा कुठून येतो, हे त्याआधीच, १९९० मध्ये, जपानच्या किरिन या बिअर कंपनीतल्या नोरिहिको मिसावा आणि सहकाऱ्यांनी उलगडलं होतं. युक्ती मला फार आवडते. ई. कोलाय हा जीवाणू स्वतः कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-लाल रंगद्रव्यं, बनवत नाही. त्यात या जीवाणूची जनुकं घालायची आणि काय तयार होतं ते बघायचं. फायटोइन, म्हणजे या रंगांचा कच्चा माल, तयार झालं तरी वसाहती रंगहीनच. त्यात ‘सीआरटी-आय’ या जनुकाची भर पडली की लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. आणखी एक जनुक, की पिवळं बीटा-कॅरोटीन.

फायटोइनच्या ४० कार्बनच्या साखळीत एकाआड एक येणारे दुहेरी बंध सलग तीनच असतात, म्हणून त्याला रंग नाही. सीआरटी-आयचं विकर चार वेळा हायड्रोजन काढून घेतं, ती रांग अकरापर्यंत जाते आणि रंग उमटतो. वनस्पतींना एवढ्याच कामासाठी चार विकरं लागतात.

तांदळाच्या दाण्यासाठी ही बचत मोलाची ठरली. झुरिकचे इंगो पोट्रिकुस आणि फ्रायबुर्गचे पीटर बायर यांच्या गटांनी २००० साली सोनेरी तांदूळ, म्हणजे दाण्यात बीटा-कॅरोटीन बनवणारा जनुकीय बदल केलेला भात, जाहीर केला. त्यात फायटोइन बनवणारं जनुक डॅफोडिलच्या फुलझाडाचं होतं, पुढचं काम या जीवाणूच्या सीआरटी-आयचं. एवढ्या दोन जनुकांवर दाणा लाल व्हायला हवा होता. झाला पिवळा, कारण लायकोपीनचं बीटा-कॅरोटीन करणारं विकर भाताकडे स्वतःचंच होतं. कॅरोटिनॉइडचं एकूण प्रमाण मात्र ग्रॅममागे जेमतेम १.६ मायक्रोग्रॅम. २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक आलं आणि आकडा ३७ पर्यंत गेला. जीवाणूचं जनुक बदलावं लागलं नाही.

त्याच तांदळाच्या व्यावसायिक लागवडीला २०२१ मध्ये सर्वांत आधी परवानगी दिली फिलिपिन्सने, जिथे हा जीवाणू अननसात पहिल्यांदा ओळखला गेला होता. २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली.