शर्मन ब्रदर्स
रॉबर्ट शर्मन (१९२५–२०१२) आणि रिचर्ड शर्मन (१९२८–२०२४) ही अमेरिकेतली सख्ख्या भावांची गीतकार-संगीतकार जोडी, मुख्यतः डिस्नीच्या म्युझिकल सिनेमांसाठी फेमस. वडील अल शर्मनही गाणी लिहूनच पोट भरायचे आणि त्यांनीच पोरांना डिवचलं, की खाऊचे पैसे मोडून पोरं रेकॉर्ड घेतील असं एक तरी गाणं दोघांनी मिळून लिहून दाखवा. १९५९ मध्ये अ‍ॅनेट फुनिचेलोने गायलेलं 'टॉल पॉल' हिट झालं आणि मग वॉल्ट डिस्नीने त्यांना स्टुडिओत पगारावरच ठेवून घेतलं.

'मेरी पॉपिन्स' (१९६४) हे त्यांचं सगळ्यात मोठं काम, दोन ऑस्कर यातूनच आले. त्यातल्या साखरेच्या चमच्याच्या गाण्याचा किस्सा भारी आहे: आधीचं गाणं सिनेमाची नायिका ज्युली अँड्र्यूजला पसंत पडलं नाही, रॉबर्ट वैतागून घरी आला तर मुलगा शाळेत पोलिओचा डोस घेऊन आलेला, दुखलं का रे विचारलं तर म्हणाला नाही, साखरेच्या खड्यावर टाकून दिलं. झालं, दुसऱ्या दिवशी 'चमचाभर साखरेने औषध सहज पोटात जातं' ही गाण्याची मुख्य ओळ तयार! 'द जंगल बुक'ची (१९६७) बहुतेक गाणीही यांचीच, पण बल्लू अस्वलाचं 'बेअर नेसेसिटीज' जे सर्रास यांच्या नावावर खपवलं जातं ते टेरी गिल्किसनचं आहे.

आता गंमत म्हणा नाहीतर दुर्दैव, गाण्यांत एवढा गोडवा आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. रॉबर्ट अबोल, कादंबरीकार व्हायची इच्छा असलेला, १९४५ मध्ये युद्धात गुडघ्यात गोळी लागलेली त्यामुळे पुढे काठी घेऊन चालायचा; रिचर्ड बडबड्या, पियानोवर बसला की मैफलच. काम रोज एकत्र पण घरी जाणंयेणं जवळपास नाही, प्रीमियरलाही दोन्ही कुटुंबं वेगळी बसायची, चुलत भावंडं जवळच राहून एकमेकांना धड ओळखत नव्हती. शेवटी दोघांच्या मुलांनीच मिळून २००९ मध्ये 'द बॉईज' ही डॉक्युमेंटरी काढली. श्रेय मात्र कधी वाटून घेतलं नाही, शब्द आणि संगीत दोन्हीवर कायम दोघांचं नाव.

नाटकात १९७४ चं ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कची नाट्यनगरी) 'ओव्हर हिअर!' सोडलं तर मोठं यश उशिरा आलं, तेही जुन्या सिनेमांवरच. 'चिटी चिटी बँग बँग' २००२ मध्ये लंडन पॅलेडियम थिएटरला लागलं, त्याच सुमारास रॉबर्ट लंडनलाच राहायला गेला. २००४ मध्ये 'मेरी पॉपिन्स'ही वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या थिएटरांच्या भागात, आलं, पण त्यातली नवीन गाणी स्टाइल्स आणि ड्रू या दुसऱ्याच जोडीची.