सायकलस्वाराची मान वर कधी झाली?

सायकलवर टांग टाकून रानवाटेला लागलं की मनावरची मरगळ उतरते. हा आनंद सायकलीच्या जन्मापासूनचा असेल असं आपण धरून चालतो, पण तो बराच उशिरा आला.

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइममधून कार्ल फॉन ड्रैस दोन लाकडी चाकांच्या गाडीवर निघाला. तिला पायडल नव्हतं. पायांनी जमिनीला रेटा देत तो शहराबाहेर गेला आणि तासाभराच्या आत परतलासुद्धा. ड्रैस वनखात्यातला अधिकारी होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसलं. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. मग जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं हवं! ते वाढत वाढत स्वाराच्या छातीपर्यंत आलं. एवढ्या उंचीवर बसलेल्या माणसाला एखादा धोंडाही पुरायचा. चाक अडलं की तो हँडलवरून थेट डोक्यावर आपटायचा. त्यामुळे नजर सतत जमिनीवर. झाडं, डोंगर बघणार कधी? तरीही थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून असल्याच सायकलवर निघाला आणि जगाला प्रदक्षिणा घालून आला. त्याच्या जिद्दीला तोड नाही.

खरा बदल पुढच्या चारच वर्षांत झाला. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने साखळीने मागचं चाक फिरवणारी, सारख्या चाकांची सायकल आणली. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. बैठक खाली आली, हादरे कमी झाले आणि स्वाराची मान वर झाली. मला तर भटकंतीच्या सायकलीचा जन्म इथेच दिसतो. बायकाही आता मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या आणि कुणाच्या सोबतीवाचून गावाबाहेर जाण्याची मोकळीक त्यांना मिळाली.

भटक्यांच्या संघटना मात्र त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. इंग्लंडमधल्या हॅरोगेटला १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल-प्रवासी क्लबने पुढे अवघड उतारांवर धोक्याचे फलकही लावले.

विसाव्या शतकात रस्ते मोटारींनी भरले आणि सायकल पुन्हा रानात शिरली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली येऊ लागले. पायथ्याशी पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधल्या ग्रीसचा धूर झालेला असायचा. दर खेपेला ते नव्याने भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं.