पिस्तुलाच्या काडतुसाची स्वसंरक्षणातील परिणामकारकता

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी हल्लेखोराला हल्ला चालू ठेवण्यास किती लवकर आणि किती खात्रीने असमर्थ करते, यावरून त्या काडतुसाची स्वसंरक्षणातील परिणामकारकता ठरते. येथे प्रश्न हल्लेखोर मरण्याचा नसून थांबण्याचा आहे, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. गोळी लागलेला माणूस गोव्यातल्या सत्तरीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज रुग्णालयात पोहोचेपर्यंत तास उलटून जाऊ शकतो आणि तेथे तो वाचतो किंवा दगावतो. परंतु कोयता घेऊन चार पावलांवर आलेला माणूस पुढच्या दोन-तीन सेकंदांत थांबला की नाही, याचे उत्तर त्या निकालातून मिळत नाही.

‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले. गोव्यात मात्र गावकऱ्यांची बंदुकीशी ओळख प्रामुख्याने पिस्तुलामुळे झालेली नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली एकनळी किंवा दोननळी बारा बोअरची बंदूक हीच तेथील जुनी ओळख होय. पिस्तुलाविषयीचे बरेच गैरसमज येथूनच सुरू होतात, कारण बारा बोअरच्या एका बारात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने निघतात आणि त्यांची ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या वर जाते, तर भारतात नागरिकांना परवाना मिळू शकणाऱ्या ·३२ (म्हणजे सुमारे ०·३२ इंच व्यासाच्या) रिव्हॉल्व्हरची साडेसहा ग्रॅमच्या आतली शिशाची गोळी सुमारे २१५ मीटर वेगाने जाते आणि तिची ऊर्जा १५० ज्यूलच्या जवळपास भरते. म्हणजे ती बंदुकीच्या पंधराव्या हिश्श्याइतकी असते. ·३२ पिस्तुलाची ४·६ ग्रॅमची गोळी थोडी वेगवान असून तिची ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल असते. पोलीस आणि सैन्यदले वापरतात ते ९ मिमी काडतूस पाचशे ज्यूलच्या आसपास पोहोचते. लष्करी रायफलीची गोळी त्याच्याही तिपटी-चौपटीने पुढे असते. डुक्कर जागीच कोसळताना पाहिलेला माणूस पिस्तुलाकडूनही तीच अपेक्षा ठेवतो, आणि ती अपेक्षा चुकीची आहे.

गोळी माणसाला मागे फेकते, ही समजूतही तितकीच निराधार आहे. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटर वेगाने ६५ किलोच्या माणसाच्या शरीरात पूर्ण थांबली, तरी तिच्या संवेगामुळे त्या शरीराला सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर इतकाच वेग मिळतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग याच्या दुप्पट असतो आणि तो अंगावर झेलून फलंदाज उभाच राहतो. शिवाय गोळी पुढे जाताना तितकाच धक्का झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो.

मग माणूस थांबतो कशाने? याची कारणे तीन आहेत. गोळी मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला लागली, तर शरीर तत्काळ निकामी होते. पण हे लक्ष्य लहान असते आणि हलते असते. हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी फाटली, तर रक्तदाब घसरून शुद्ध हरपते. मात्र हृदयाचे काम पूर्ण बंद पडले, तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा ते पंधरा सेकंद ठरवून हालचाल करू शकतो, हे न्यायवैद्यकात मान्य झालेले आहे. तिसरे कारण मानसिक आहे. आवाज, वेदना आणि गोळी लागल्याची जाणीव यांमुळे पुष्कळ हल्लेखोर जीवघेणी जखम नसतानाही पळतात किंवा खाली बसतात. परंतु दारूच्या, अमली पदार्थांच्या किंवा संतापाच्या अंमलाखालील माणसाबाबत यावर भिस्त ठेवता येत नाही. पिस्तुलाची गोळी रायफलीच्या गोळीइतकी वेगवान नसल्यामुळे तिच्या मार्गाभोवती मांस क्षणभर ताणले जाते, पण लवचीक अवयव बहुधा पूर्ववत होतात. कायमची इजा होते ती गोळीने प्रत्यक्ष चिरडलेल्या मार्गापुरतीच, आणि म्हणून ती कोठे लागली व किती खोल गेली, या दोन बाबींना अन्य कोणत्याही गुणापेक्षा अधिक वजन आहे.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आणि पुष्कळ चुकांतून आले. शरीरात गेल्यावर टोक पसरणारी गोळी १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात तयार झाली, ‘दमदम गोळी’ हे तिचे नाव जगभर झाले आणि १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी आली. ही बंदी युद्धापुरती असल्याने अनेक देशांचे पोलीस पोकळ टोकाची गोळी वापरतात. ती पसरून शरीरातच राहते आणि मागच्या माणसाला इजा होण्याचा संभव घटतो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी एका चकमकीत ठार झाले. त्या चकमकीत आरंभीच ९ मिमीची एक गोळी एका गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयापासून जेमतेम एक इंच अलीकडे थांबली आणि तो पुढे कितीतरी वेळ गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने मांसाऐवजी दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळी झाडून पाहण्याची चाचणीची पद्धत बसवली. कापड, प्लायवूड, पत्रा, मोटारीची काच अशा अडथळ्यांतून गेल्यावरही गोळीने किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरावे, हा तिचा निकष आजही प्रमाण मानला जातो. ‘एका गोळीत थांबण्याची टक्केवारी’ देणारे तक्ते मात्र विश्वासार्ह नाहीत, कारण मानसिक कारणाने थांबलेले आणि जखमेने थांबलेले हल्लेखोर त्यांत एकत्र मोजलेले असतात.

भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचे माप) असून सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. गोव्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून परवाना मिळालेल्या व्यक्तीच्या हाती त्यामुळे बहुधा ·३२ येते. या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडावर, प्राइमरच्या, म्हणजे आघाताने दारू पेटवणाऱ्या भागाच्या, गोल टिकलीभोवती, ‘केएफ’ ही अक्षरे कोरलेली दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची निशाणी होय. गोळी गोल टोकाची असते आणि पसरत नाही. तिच्या मर्यादा खऱ्या आहेत, तरीही ·३२ निरुपयोगी ठरवणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या पोलीस नोंदींत प्रशिक्षित शिपायांच्याही निम्म्याहून अधिक गोळ्या प्रत्यक्ष चकमकीत चुकलेल्या दिसतात. चुकलेल्या ९ मिमीपेक्षा नेमकी बसलेली ·३२ निश्चितच अधिक परिणामकारक असते, आणि कमी धक्क्याच्या शस्त्राचा नेम राखणे सोपे असते. सरावाला काडतुसे मोजकी मिळतात, हीच येथील खरी अडचण आहे.

गोव्याच्या हवेत आणखी एका गोष्टीकडे काळजीपूर्वक पाहावे लागते. जून ते सप्टेंबरच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. चामड्याच्या पट्ट्यात किंवा म्यानात वर्षभर ठेवलेल्या काडतुसांवर चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे आणि दमटपणामुळे हिरवट कीट चढते. ते नखाने खरवडले तर मेणासारखे निघते आणि खाली पितळेवर गुलाबी डाग दिसतो. असे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात अडकू शकते. गंज टाळण्यासाठी काही जण काडतुसांनाच तेल लावतात, आणि ते तेल प्राइमरमध्ये झिरपून बार फुसका जाऊ शकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते, पिस्तुलात मात्र सरक (वरचा सरकता भाग) मागे ओढून निकामी काडतूस बाहेर काढावे लागते. कोरड्या, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह काडतुसे ठेवणे आणि जुनी वेळेवर बदलणे याने परिणामकारकतेत जितका फरक पडतो, तितका बोअर बदलण्यानेही क्वचितच पडतो.

गोळी आरपार गेल्यास काय होईल, याचे उत्तर घरावर अवलंबून असते. चिऱ्याची जाड भिंत पिस्तुलाची गोळी अडवते, पण प्लायवूडचे दार, खिडकीची काच आणि फ्लॅटमधला पातळ आडोसा तिला अडवत नाहीत, आणि कौलांतून ती सहज बाहेर पडते. कायद्याच्या बाजूने पाहता, भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. मात्र ३७ व्या कलमानुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास तो लागू होत नाही. हल्लेखोर थांबल्यानंतर किंवा पाठ फिरवल्यानंतर झाडलेली गोळी या हक्काबाहेर जाऊ शकते, आणि जखमेची दिशा, अंतर व जमिनीवर सापडलेल्या पुंगळ्यांची संख्या यांवरून तपासयंत्रणा नेमके तेच शोधते.