पार्श्वभूमी : उच्च न्यायालयातली दोन वर्षांची खुर्ची

उच्च न्यायालयात नेमणूक झाली की बातमीत 'न्यायमूर्तिपदाची शपथ घेतली' एवढेच येते. पण बहुतेक जण शपथ घेतात ती अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. अपिले तीच, अधिकारही तेच. पुढे कायम होणार की नाही, हे मात्र अधांतरी. गेल्या पन्नास वर्षांतले न्यायमूर्तींच्या नेमणुकांचे बरेच वाद या दोन वर्षांतून निघालेले आहेत.

अशा तात्पुरत्या नेमणुकीची सोय इंग्रजांच्या काळात, 1911 च्या कायद्यात आली. 1950 च्या राज्यघटनेत ती नव्हती. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 224 मध्ये ती परत आणली. कारण साधे होते : काम तात्पुरते वाढले किंवा प्रकरणे तुंबली, तर तेवढ्यापुरते जादा न्यायाधीश घ्यायचे. तुंबलेली प्रकरणे काही ओसरली नाहीत. त्यामुळे आधी अतिरिक्त, मग कायम, हाच रिवाज पडला. पूर्वी तो फारसा कोणाला खटकला नाही, कारण कायम होणे गृहीतच असे.

आणीबाणीत हे गृहीत मोडले. एका पत्रकाराच्या स्थानबद्धतेचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे होते. निकाल सरकारच्या विरोधात गेला. त्यातल्या ज्येष्ठांची गुवाहाटीला बदली झाली. दुसरे अतिरिक्त होते. त्यांना कायम केले नाही आणि ते पुन्हा सत्र न्यायाधीश म्हणून खालच्या न्यायालयात बसले. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींनाही त्याच काळात कायम केले गेले नाही. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. 1976 मध्ये सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या, त्यांची चर्चा अजून होते. पण बदली झालेल्याचे पद तरी राहते. अतिरिक्त न्यायमूर्तींच्या बाबतीत काही करावेच लागत नाही. मुदत संपू दिली की झाले.

सगळ्यात मोठा वाद 1981 चा. मार्चमध्ये केंद्रीय कायदामंत्र्यांनी पत्रक काढले : अतिरिक्त न्यायमूर्तींनी दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयात जायला तयार असल्याची लेखी संमती द्यावी. मुंबईतल्या वकिलांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. कायम होण्याची वाट पाहणाऱ्याकडून मागितलेली संमती खुशीची कशी म्हणायची? हा आक्षेप रास्तच होता. त्याच सुमारास दिल्लीतल्या तीन अतिरिक्त न्यायमूर्तींना जेमतेम तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली आणि ती संपल्यावर त्यांपैकी दोघांना घरी जावे लागले. एकाबद्दल तिथल्या मुख्य न्यायमूर्तींनी कायदामंत्र्यांना प्रतिकूल पत्र लिहिले होते. देशाच्या सरन्यायाधीशांचे मत उलट होते. हा गोपनीय पत्रव्यवहार भर कोर्टात उघड करायला लागला. ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. वर्षअखेरीस तिथल्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने पत्रक वैध ठरवले, त्या न्यायमूर्तींना दिलासा नाकारला आणि नेमणुकीत अखेरचा शब्द सरकारचा मानला. कायमची पदे कामाच्या मानाने वाढवायला हवीत, असेही निकालात सुचवले होते. ते तेव्हाच मनावर घेतले असते, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

1993 आणि 1998 च्या निकालांनी अखेरचा शब्द कॉलेजियमकडे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाकडे गेला. 2015 मध्ये कॉलेजियमच्या जागी आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर तो तिथेच राहिला. दोन वर्षांची मुदत मात्र कोणी हलवली नाही.

जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठातल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींनी 'पोक्सो'च्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, अपिलात निकाल दिला : कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यातल्या लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही. त्यावर देशभर संताप उसळला आणि तो स्वाभाविक होता. कायम करण्याची झालेली शिफारस कॉलेजियमने मागे घेतली आणि त्यांना एकाच वर्षाची मुदतवाढ मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो निकाल फिरवला. चुकीचा निकाल वरच्या न्यायालयात दुरुस्त होतो, अपील असते ते त्यासाठीच. पण इथे अपिलाचा निकाल लागण्याआधीच कारकिर्दीचा निकाल लागला. पुढची मुदतवाढ मिळाली नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून परत जाण्याऐवजी त्यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये मुदत संपण्याच्या तोंडावर राजीनामा दिला. राजीनामा म्हणजे निवृत्ती नव्हे, असे सांगून त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पेन्शनही नाकारले गेले. त्यासाठी त्यांना मुंबई उच्च न्यायालयातच दाद मागावी लागली; 2025 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.