मीटर बदलला आणि ॲव्हरेज वाढलं!

इंदूरच्या आमच्या कॉलनीतले एक काका नव्वदच्या दशकातली आपली छोटी गाडी जिवापाड जपतात. मध्यंतरी तिचा मीटर बंद पडला. तसाच मिळेना, म्हणून मेकॅनिकने भंगारातून भलत्याच जुन्या मॉडेलचा अख्खा मीटर काढून बसवला. केबल बसली, काटा हलला. पंधरा दिवसांनी काका फाटकाशी हजर. "अरे, १६ द्यायची ती आता १८ देते! मेकॅनिक म्हणाला, मीटर का कमाल है, बाबूजी."

मेकॅनिक खोटं बोलला नव्हता. कमाल मीटरचीच होती.

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरच्या पाठीत शिरते. आतली तार चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरते आणि दोन कामं करते. किलोमीटर मोजायचं काम साध्या दातेरी चाकांचं. वेग दाखवण्याची युक्ती मात्र अशी आहे की तिच्यासाठी मी काकांचा जुना मीटर मागून आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडला.

आत एक छोटा लोहचुंबक, त्याच्यावर ॲल्युमिनियमची पातळ वाटी उपडी घातलेली आणि वाटीच्या दांड्यावर काटा. वाटी चुंबकाला कुठेही शिवत नाही. शिवाय ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे आपण शाळेतच शिकलो. तरी केबलचा तुकडा ड्रिलला लावून चुंबक फिरवला तर काटा उठून उभा राहिला.

हे कोडं जुनं आहे. फिरत्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची चकतीबरोबर ओढली जाते, हे फ्रान्समध्ये आरागो या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये पाहिलं. उलगडा फॅरेडेने १८३१ मध्ये केला. धातूजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की धातूत विजेचे भोवरे उठतात, आणि ते नेहमी आपल्याला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करतात. इथे बदल कसला? चुंबक पुढे पळतोय आणि वाटी मागे राहतेय, हाच. मग विरोध करायचा कसा? चुंबकामागे धावून! पण दांड्याला घड्याळातल्यासारखी नाजूक स्प्रिंग असते, ती वाटीला मागे खेचते. चुंबकाचा वेग दुप्पट तर ओढ दुप्पट, स्प्रिंगचा पीळही दुप्पट. म्हणून डायलवर २० ते ४० आणि ६० ते ८० ही अंतरं सारखी दिसतात. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. घरातल्या जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिचा वेग आवरणारा ब्रेकही याच तत्त्वावर चालतो.

यात आणखी एक गंमत आहे. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी वाटी ४० अंशांनी तापली तर भोवरे दुबळे पडतात आणि काटा जवळजवळ सातव्या हिश्शाने कमी दाखवेल. म्हणून चुंबकालगत निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची पट्टी लावतात. गार असताना ती थोडं चुंबकीय क्षेत्र परस्पर आपल्याकडे वळवते. तापली की तिची ही ताकद घटते, आणि ते क्षेत्र वाटीच्या वाट्याला येतं. नफा-तोटा फिट्टंफाट.

आता काकांचं गणित. जपानी पद्धतीत तासाला ६० किलोमीटर वेगाला केबल मिनिटाला ६३७ फेरे घेते, म्हणजे किलोमीटरला ६३७. समजा, भंगारातला मीटर ५६६ फेऱ्यांतच एक किलोमीटर धरणारा आहे. मग खऱ्या १६ किलोमीटरला तो १८ मोजणार. पेट्रोल तेवढंच, रस्ताही तेवढाच! उज्जैन रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत १० किलोमीटर गेलो, तर मीटरवर ११ होऊन आकडा पुढे सरकला होता. मोबाइलचा जीपीएस ६० म्हणाला तेव्हा काटा ६७ च्या आसपास.

पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून मायलेज वाढवून देणारेही भेटतात. चुंबकाला काही करायचंच असेल तर ते तो मीटरमध्ये इमानेइतबारे करतो. पेट्रोलवर त्याचा काडीचा परिणाम नाही. काकांनी नव्या मीटरखाली लिंबू-मिरचीही टांगली होती. तिने निदान आकडे फुगवले नाहीत.

अख्खा मीटर बदलला की पेट्रोलच्या काट्याचा घोळ निराळा. टाकीतला तरंगता गोळा एक रोध बदलत असतो. काही गाड्यांत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८०, तर काहींत रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. टाकी आणि मीटरची जोडी चुकली की टाकी भरताना काटा खाली उतरतो. बॅटरीच्या लाल दिव्याकडेही बघायला हवं. अनेक जुन्या अल्टरनेटरना, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रांना, सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. दुसऱ्या मीटरमध्ये तो बल्ब नसेल तर चार्जिंगच नीट सुरू होत नाही. आणि जुन्या मीटरचा आकडा तारखेसकट लिहून ठेवावा, गाडी विकताना घेणाऱ्याला खरं सांगता येतं.

गिअरबॉक्सपाशी केबल फिरवणारं प्लास्टिकचं छोटं दातेरी चाक असतं. जास्त दात असलेलं बसवलं की केबलचे फेरे कमी होतात. काकांच्या गाडीत ते बदललं, आकडे जुळले. ॲव्हरेज पुन्हा १६ वर आलं, आणि काका आता माझ्यावर नाराज आहेत.